तिच्याकडे दोन जर्मनी

"काका, माझी चक्क फसवणूक झालीये!"

रेकॉर्डच्या दुकानाचं दार ढकलून ती आत शिरली ती हे वाक्य तोंडात घेऊनच. काउंटरपाशी एक उंच तरुण उभा होता. तोही नेमकं तेच गाऱ्हाणं दुकानवाल्या काकांना सांगत होता. दोघं एकदमच थांबले आणि एकमेकांकडे बघू लागले.

"एकेकाने रडा," काका म्हणाले. "आधी कोण?"

"मी!" ती म्हणाली. त्याने हसून 'आधी तुम्ही' अशी खूण केली. त्याचा हात चांगलाच ओरबाडलेला होता. ती टक लावून बघतेय हे लक्षात येताच तो म्हणाला, "मांजर. मी जनावरांचा डॉक्टर आहे. माझे पेशंट फी अशीच देतात."

तिने काखेतला लाल, जाडजूड बॉक्स काउंटरवर ठेवला. या बॉक्ससाठी तिने किती महिने वाट पाहिली होती! बँड जुना, तिच्या जन्माआधीच मोडलेला. त्यातल्या पाचही जणांना ती लाडाने 'आपले म्हातारे' म्हणायची. त्यांचा एकच अल्बम देशोदेशी वेगवेगळा निघाला होता. कुठे कव्हर वेगळं, कुठे गाण्यांचा क्रम वेगळा. जर्मनीसाठी म्हाताऱ्यांनी दोन गाणी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हटली होती. आणि जपानच्या रेकॉर्डवर शेवटी एक असं गाणं होतं, जे दुसऱ्या कुठल्याच देशाच्या नशिबात नव्हतं. फोनवर शोधूनही ते सापडत नव्हतं. देशोदेशीच्या त्या सगळ्या रेकॉर्ड आता कंपनीने पुन्हा छापून एका बॉक्समध्ये आणल्या होत्या. वहिनी कपाळाला हात लावायची. "स्थळ शोध म्हटलं तर आमची नणंद डबे शोधते!"

"माझ्या बॉक्समध्ये जर्मनी दोनदा आहे," ती तणतणली. "आणि जपान गायब!"

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला. "माझ्या बॉक्समध्ये... जपान दोनदा आहे. जर्मनीचा पत्ता नाही."

"मग माझं डोकं कशाला खाता?" काका म्हणाले. "आपापसात तह करून टाका की!"

पण डॉक्टर दवाखान्यातून तसाच धावत आला होता, त्याचा बॉक्स घरीच होता. मंगळवारी समोरच्या कॉफीच्या दुकानात अदलाबदल करायची, असं ठरलं. ती घरी गेली ती जवळजवळ उड्या मारतच. जपान मिळणार म्हणून... असं तिने स्वतःला सांगितलं.

मंगळवारी तो आला, बसला आणि ओशाळून म्हणाला, "रेकॉर्ड... विसरलो हो."

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या मुलीची स्वतःची नजर काही कच्ची नव्हती. त्याच्या बॅगेतून रेकॉर्डचा कोपरा चांगला बोटभर बाहेर डोकावत होता. लबाड! मग स्वतःच्या बॅगेतली जर्मनी पायाने टेबलाखाली आणखी आत सरकवत ती म्हणाली, "अय्या! मीपण विसरले."

पुढच्या मंगळवारी दोघं पुन्हा 'विसरले'. त्याच्या पुढच्याही. विसरभोळेपणाची साथच आली होती म्हणा ना! कॉफी गार व्हायची आणि गप्पा काही संपायच्या नाहीत. ढोल वाजवणारा म्हातारा जास्त गुणी की गाणारा, यावर ते भांडायचे. एकदा तो सहज गुणगुणायला लागला तर तिने टेबलावर हात आपटला.

"गप्प! हे मी ऐकलेलं नाही, म्हणजे जपानचं गाणं ना? मला ते पहिल्यांदा रेकॉर्डवरच ऐकायचंय."

"मग या की घरी ऐकायला."

"तुम्ही आणा की रेकॉर्ड."

"आणली असती हो..." तो खिडकीबाहेरच्या पावसाकडे बघत म्हणाला. "पण स्मरणशक्ती फार वाईट आहे माझी." त्याचे कान लाल झाले होते. तिने हसू लपवायला कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झालेला होता.

आणि मग काकांचा फोन आला. कंपनीने चूक कबूल केली होती. सदोष बॉक्स आणून द्या आणि नवाकोरा घेऊन जा. मुदत शनिवार संध्याकाळपर्यंत.

"बॉक्स मिळणार म्हणून कोणी असं सुतकी तोंड करून बसतं का?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, त्याला जर्मनी आता कंपनीच देणार."

"बरं मग?"

"मग तो मला कशाला भेटेल?"

वहिनी हातातलं काम टाकून तिच्याशेजारी येऊन बसली. "हे मला विचारून काय उपयोग? त्याला विचार ना, वेडाबाई!"

शनिवारी ती दुकानात पोचली तेव्हा बाहेर रिमझिम चालू होती.

"डॉक्टर सकाळीच येऊन गेला," काका नवा बॉक्स फळीवरून काढत म्हणाले. "बदलून नेला बॉक्स."

"काही... म्हणाले?"

"छे, घाईत होता."

तिला रडूच यायला लागलं. झालं. संपले मंगळवार. तिने आपला बॉक्स काउंटरवर ठेवला, तोच मागे दार धाडकन उघडलं. डॉक्टर! केस भिजलेले, दम लागलेला.

"तुमच्या दुकानात गेलो होतो... तुम्ही इकडे निघालात म्हणाले..."

"अभिनंदन," ती तुटकपणे म्हणाली. "पूर्ण झाला ना बॉक्स? मग आता काय काम काढलंत?"

"काहीच नाही. तेच सांगायला आलोय." त्याने श्वास घेतला. "मी खोटं बोलत होतो. रेकॉर्ड दर मंगळवारी बॅगेतच असायची."

"माहितेय. कोपरा दिसायचा."

"दिसायचा?"

"आणि माझीपण बॅगेतच असायची."

काका उगाचच खोकले. डॉक्टर आधी चकित झाला, मग हसला, मग एकदम गंभीर झाला.

"मग ऐका. आज सकाळी मी मुद्दाम आधी बॉक्स बदलून घेतला. आता मला तुमच्याकडून एकही रेकॉर्ड नकोय. नाहीतर वाटलं असतं, हा जर्मनीसाठी गोड बोलतोय. तुम्ही मला आवडता. फार... फारच आवडता. मला तुम्हाला भेटायचंय. काही काम नसताना. रोज."

तिच्या छातीत असं काही धडधडायला लागलं की ढोलवाल्या म्हाताऱ्यानेही हात टेकले असते.

"पोरी, दुकान बंद करायचंय," काका म्हणाले. "देऊ ना बदलून?"

नवा बॉक्स काउंटरवर चकाकत होता. त्यात जपान होतं. ते गाणंही होतं. तिने बॉक्सवरून एकदा बोट फिरवलं... आणि तो हळूच काकांकडे सरकवला. मग स्वतःचा जुना बॉक्स उचलून पोटाशी धरला.

"राहू दे, काका."

"अगं, आजच शेवटचा दिवस! उद्या कंपनी दारात उभं करणार नाही. जपान कुठून आणशील मग?"

"ह्याच्याकडे आहे ना," ती म्हणाली. "ऐकावंसं वाटलं की ह्याच्या घरी जाईन."

काका आ वासून बघत राहिले. अर्धवट बॉक्स हसत हसत परत नेणारं गिऱ्हाईक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"आणि..." डॉक्टरचा आवाज चिरकला, "रोज ऐकावंसं वाटलं तर?"

"तर रोज येईन." तिने आपली छत्री त्याच्या ओरबाडलेल्या हातात दिली आणि त्याचा दुसरा हात घट्ट धरला. "चल, आज पहिल्यांदा ऐकव."