बागेचा सोबती

दळण आणायला निघाले होते मी. मे महिन्यातली भर दुपार, इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गव्हाचा डबा घेऊन जिना उतरले तर फाटकाशी एक माणूस उभा. डोक्याला रुमाल, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि ती अशी छातीशी धरलेली की आत दुधाचं पातेलं असावं.

"उज्वलाताई तुम्हीच का? जुन्या सीड्या चालवून देता, त्या?"

मला आधी रागच आला. मी काय सीडीचं दुकान टाकलंय? पण तो म्हणत होता ते खोटंही नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी सीडीवर हलत्या चित्रांचे धडे यायचे, खेळ यायचे, आठवतंय? ते कॉम्प्युटरवर चालवणारं प्लेअर, म्हणजे सॉफ्टवेअर, कधीच बंद पडलं. त्याची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम आम्ही जगभरातले काही रिकामटेकडे मिळून लिहितो. फुकट, हौसेनं. जुनी सीडी घातली की तिला वाटावं, आपलं जुनं प्लेअरच आहे. त्यातली माझी कामं दोन. जे धडे चालत नाहीत ते चालते करायचे, आणि मधेच काही बिघडलं तर प्रोग्रामनं काय करायचं ते ठरवायचं.

त्याचं नाव गोरक्ष. दिंडोरीकडचा, द्राक्षबागवाला. त्याच्या मुलाच्या कॉलेजात मी एकदा या कामावर बोलले होते, तिथून त्याला माझा पत्ता लागला.

"एका संस्थेनं बागायतदारांसाठी ही काढली व्हती," पिशवीतून सीडी काढत तो म्हणाला. वर नाव होतं, 'बागेचा सोबती'. "यातला आवाज माझ्या धाकट्या भावाचा. भारतचा. सीडी निघाली आन्‌ त्याच पावसाळ्यात मोटारीचा शॉक लागून गेला. घरात त्याचे फोटू हायेत, पण आईला आता दिसत नाय. ती म्हणती, फोटूला काय करू, मला त्याचा आवाज ऐकवा."

आता यावर नाही कोण म्हणेल? दळण राहिलं बाजूला. मी सीडी घेतली.

सीडीवर चरे होते. धडा उघडायचा, द्राक्षाच्या मांडवाखालून एक कार्टूनमधला शेतकरी चालत यायचा आणि भारतचा आवाज बोलायचा. काय गोड आवाज होता! उतावीळ, हसरा, दारातूनच हाक मारत घरात शिरणाऱ्या पोरासारखा. "चला काका, पान उलटून बघा. खाली पांढरं दिसतंय का? पाणी किती सोडलं? बरं, आता पुढच्या ओळीत या." आणि तिथं धडा बंद. आवाजाचा पुढचा तुकडा चऱ्यात गेलेला, म्हणून पडद्यावर 'चूक झाली' अशी पाटी यायची आणि सगळं थांबायचं. जुनं प्लेअरही असंच थांबत असे.

मी म्हटलं, का थांबायचं? एक तुकडा नाही म्हणून म्हातारीला बाकीचं का ऐकायला मिळू नये? मी प्रोग्रामला नवी सवय लावली. तुकडा सापडला नाही तर त्याच आवाजातला जवळात जवळचा तुकडा उचलायचा, तिथं लावायचा आणि पुढं चालायचं. पाटी नाही, तक्रार नाही.

आमच्यातला रविराज पुण्याहून माझं काम तपासतो. त्यानं लगेच फोन केला. "उज्वला, हे बरोबर नाही. जिथं तुकडा नाही तिथं थांब आणि तसं सांग. नाहीतर सीडीत जे नाही ते सीडीच्या तोंडी घालशील."

"एका आईला पोराचा आवाज ऐकायचाय रे," मी म्हटलं. "तू तुझे नियम पुण्यात ठेव."

माझी जीभ अशीच आहे. आणि खरं सांगायचं तर नुसती दया नव्हती ती. धडा शेवटपर्यंत चालला तेव्हा मी स्वतःवर जाम खूश झाले होते.

गोरक्ष आईला घेऊन आला. कुसाबाई. एवढीशी म्हातारी, विटकं नऊवारी, डोळ्यांवर दुधासारखी साय. खुर्ची नको म्हणाली, फरशीवरच बसली. लाईट गेलेली होती. उन्हामुळं पडदे ओढलेले, पंखा थांबलेला, लॅपटॉप बॅटरीवर. खोलीत तो निळसर उजेड तेवढा. मी धडा सुरू केला.

"चला काका…"

कुसाबाईनं तोंडावर पदर घेतला. रडली नाही, नुसती ऐकत राहिली. पान उलटून झालं, पांढरं बघून झालं. मग तो चऱ्याचा भाग आला. माझी सवय तिथं कामाला लागणार होती. मी जरा पुढं झुकले. जोड कसा बसतो ते मला बघायचं होतं.

"आई…" आवाज म्हणाला. "पाणी सोडलंस का?"

"सोडलं रे बाबा," म्हातारी म्हणाली.

 पडद्यावरचा शेतकरी हलायचा थांबला. समोरचं माणूस बोललेलं ऐकून घेतो आपण, तेवढा वेळ गेला. खोलीत ओल्या मातीचा वास आला आणि त्याच्यामागून गंधकाचा, बागेवर मारतात त्या गंधकाचा.

"मग ये. पुढच्या ओळीत ये."

आधी धडा चालवला तेव्हा हे मी ऐकलं नव्हतं. पण लगेच मी मनाला समजावलं. अगं, तुझीच करामत ही! इकडचा तुकडा तिकडं लागला. वासाचं काय, माणसं बागेतून आलीत.

कुसाबाईनं चाचपडत माझा हात धरला. "पोरी, ह्याला माझं ऐकू येतंय का गं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. आजी, हे माझ्या प्रोग्रामनं जोडलंय, तुमचा भारत यात नाही. दोन वाक्यं. गोरक्ष माझ्याकडं हात जोडून बघत होता, पण त्याच्यावर कशाला ढकलू? मला तो आनंद मोडवला नाही, आणि तो मी दिला होता याचा मला माज होता.

"हो, आजी," मी म्हणाले.

सगळं त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर चढवून दिलं. म्हातारी जाताना माझ्या गालावरून बोटं फिरवून कडाकडा मोडून गेली.

पुढच्या आठवड्यात गोरक्षचा फोन. "ताई, आई जेवत नाय. दिवसभर त्या मशीनशी बोलती. आन्‌ ते सांगंल तशी बागेत चालती, ह्या ओळीतून त्या ओळीत. काल पार बांधापलीकडं गेली व्हती. मी सांगून थकलो. तुम्ही येऊन सांगा ना, ते खरं नाय म्हणून. तुमचं ऐकंल ती."

"येते," म्हणाले, आणि गेले नाही. आज काम, उद्या ऊन. लाज वाटत होती, दुसरं काय! त्याचे फोन वाजायचे आणि मी नुसती बघत बसायची.

शेवटी गेले तेव्हा उन्हं उतरली होती. वेलींची उन्हाळी खरड छाटणी होऊन गेलेली, मांडवावर कोवळी फूट आलेली, आणि खाली ओळींमधून अंधार आधीच साचायला लागलेला. पडवीत लॅपटॉपपुढं कुसाबाई बसली होती. पंधरवड्यात निम्मी झालेली. पण चेहरा… चेहरा कोवळ्या पोरीसारखा फुललेला.

"आलीस का? बस. तो आत्ताच पाणी बघून येतो म्हणला."

मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. चरे, तुकडे, जोड, सगळं. "आजी, तो भारत नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले. माझं चुकलं."

ती हसली. "तू पोर हायेस. आईला कळत नाय व्हय?"

मग मी ते केलं. तिच्यासमोर लॅपटॉप ओढला आणि जोडायची सवय काढून टाकली. धडा पुन्हा लावला. चला काका, पान उलटा, पांढरं दिसतंय का… आणि चुकीची पाटी. सगळं बंद. जसं व्हायला हवं तसं.

कुसाबाई वाट बघत राहिली. मान थोडी तिरकी करून, कान पुढं करून. खूप वेळ. बागेत कुठंतरी नळीतून पाणी ठिबकत होतं.

"भारता?" ती हळूच म्हणाली. "आरं… कुठं गेलास?"

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पोरी, माझं पोर एकदा गेलं व्हतं. तू दुसऱ्यांदा नेलंस." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी आले ती थेट कॉम्प्युटरपुढं. मला कुठला तुकडा कुठं लागला ते बघायचं होतं, मनाच्या शांतीसाठी. त्या सीडीतला आवाजाचा प्रत्येक तुकडा मी ऐकला. माझा प्रोग्राम फक्त असलेले तुकडे उचलू शकतो, स्वतःचं काही बोलू शकत नाही. त्या सीडीत 'काका' आहे, 'पाणी' आहे, 'ओळ' आहे. 'आई' नाही. आईला ये म्हणतात तसं 'ये' नाही, सगळीकडं 'या'. परत परत ऐकलं. नाही म्हणजे नाही.

म्हणजे मी 'हो' म्हणाले तेव्हा खोटं बोलतेय असं मला वाटलं होतं, पण तो 'हो' खरा होता. आणि पडवीत बसून खरं म्हणून जे सांगितलं ते… देवा रे.

मी गोरक्षला फोन लावला. सवय परत चालू करून देते म्हणणार होते, आत्ता निघते म्हणणार होते. फोन त्याच्या बायकोनं उचलला. मागं रडारड चाललेली. आई पडवीतून उठून बागेत गेली होती, हाका मारत. मधल्याच एका ओळीत वेलीच्या बुंध्याला टेकून बसलेली सापडली. अंग गार झालं होतं.

मी मातीला गेले. गोरक्षनं मला बोल लावला नाही. "तुम्ही तरी काय करणार, ताई," एवढंच. मला वाटलं, ह्यानं चारचौघांत माझ्या मुस्काटात मारावी.

इथं संपलं असतं तर मी हे कुणाला सांगितलं नसतं. पण परवा रविराजचा फोन आला. पोलंडमधल्या कुणीतरी आमच्या प्रोग्रामवर पोरांचा आकडे शिकायचा जुना खेळ लावला होता. मधेच तुकडा सापडला नाही, चुकीची पाटी आली, खेळ थांबला, आणि थांबल्यावर त्यातून एक बाई बोलली. त्यानं ते टिपून पाठवलं होतं. भाषा तिथं कुणाला कळेना.

"मराठी आहे गं," रविराज म्हणाला. "तूच ऐक."

मी दुपारी, दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून ऐकलं. धाप लागलेला, म्हातारा आवाज. "पोरी… हिथं तो नाय गं. लय अंधार हाय. आता कुणीकडं जाऊ?"

त्यानंतर अशा तक्रारी येतच आहेत. कुणाचा पत्त्यांचा डाव, कुणाचं गाण्यांचं पुस्तक. जिथं जिथं काही हरवलेलं असतं तिथं ती असते, आणि दर वेळी थोडी लांब गेलेली. मी जोडायची सवय पुन्हा चालू केली, भारतची सीडी लावली, त्याला हाका मारल्या, पाया पडले त्याच्या. "चला काका," म्हणतो. पुढं काही नाही.

आज सकाळी ब्राझीलहून एक तक्रार आली. त्यात कुसाबाई फार लांबून विचारते, कुणीकडं जाऊ, आणि या वेळी तिला कुणीतरी उत्तर देतं. अगदी जवळून, हसून. "इकडं या आजी. इकडंच आहे तो. अजून थोडं पुढं."

आवाज माझा आहे. आणि हे मी कधीच, कुणालाही म्हटलेलं नाही.