हवालदारबाईंची चौकशी

बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेपाशी एक अनोळखी माणूस वाकून उभा होता आणि त्याच्या हातात तिच्या पेशंटची उशी होती.

"उशी खाली ठेवा," ती दारातूनच म्हणाली.

तो वळला. उंच, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळ्यांत हसू. "अभ्रा बदलतोय. खाली ठेवली तर मळेल."

"भेटायची वेळ संध्याकाळची. कोण तुम्ही?"

"भाचा."

"कुणाचा?"

तो काही बोलायच्या आत खाटेवरून खणखणीत आवाज आला, "अगं हवालदार, सोड त्याला. माझ्या बहिणीचा मुलगा आहे. परदेशात मोठ्या हॉस्पिटलात मोठा साहेब आहे तो. रजा काढून आलाय माझ्यासाठी."

मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, पण जीभ शाबूत होती. आणि 'हवालदार' हे नाव काही त्यांनी एकट्यांनी ठेवलेलं नव्हतं. वॉर्डात सगळेच तिला तसं म्हणत. नर्स म्हणून ती चोख होती, पण औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा वाचायची, नातेवाईक आला की नातं विचारायची, आणि कुणी उगाच गोड बोललं की तिच्या भुवया वर जायच्या.

आताही गेल्या. कारण मावशींच्या अंगाखाली नवी चादर होती, ताठ, एकही सुरकुती नसलेली. मोडक्या खुब्याच्या बाईला न दुखवता चादर बदलायला तिला स्वतःला शिकायला महिने लागले होते.

"साहेबांना चादर घालता येते?"

तो जरासा लाल झाला. "आमच्याकडे... सगळ्यांना सगळं यावं लागतं."

असं होय, ती मनात म्हणाली, आणि तिने ते लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. ती मावशींचा रक्तदाब बघायला गेली की तो खिडकीकडे बघत बसायचा, आणि ती पाठ फिरवून निघाली की तिच्या पाठीला कळायचं - आता तो खिडकीकडे बघत नाहीये. मावशींना मात्र सगळं समोरूनच दिसत होतं.

"हिलाही ने की तिकडे," त्या एकदा म्हणाल्या. "नर्सा लागतात ना तुमच्याकडे?"

"जागा निघाल्यात खऱ्या," तो म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे विरलं. तिने रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि निघून गेली.

काही वर्षांपूर्वी तिच्या ताईलाही असंच कुणीतरी म्हणालं होतं. जागा आहेत, ओळख आहे, तुम्ही फक्त हो म्हणा. हॉस्पिटलातलं काम सांगून पाहुण्याच्या व्हिसावर नेलं आणि एका घरात राबायला ठेवलं. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात, फोनही तिथेच, आणि दाराला बाहेरून कुलूप. ताई सुटून आली ती निम्मी होऊन. आता घरीच शिवणकाम करायची. दारावरची बेल वाजली की आधी शिवणयंत्र थांबवायची, मग कान द्यायची, मगच आईला म्हणायची, "बघ, कोण आहे."

त्या संध्याकाळी वारा सुटला होता. बस थांब्यावर तो तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, मध्ये दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"तुम्हाला काय मिळतं यात?" तिने सरळ विचारलं. "एक नर्स तिकडे पाठवली की?"

तो हळूच म्हणाला, "मिळालीच तर... सोबत मिळेल."

ते तिला आवडलं. म्हणूनच ती जास्त चिडली. "गोड बोलू नका माझ्याशी."

"मग कसं बोलू?"

"खरं."

"खरं सांगायचं तर तिथल्या पहिल्या हिवाळ्यात मी रोज रडलोय. जेवण बेचव लागायचं, भाषा कळायची नाही. ड्यूटी संपली की पाय सुजायचे, आणि रविवारी बोलायला कुणी नसायचं." त्याने तिच्याकडे बघितलं. "हे गोड नव्हतं ना?"

नाही म्हटलं तरी तिला हसू आलं. तिने ते ओढणीत लपवलं.

"अर्ज करायचा असला तर माझ्या ओळखीने करू नका," तो पुढे म्हणाला. "हॉस्पिटलची वेबसाईट तुमची तुम्ही शोधा, तिथे करा. मध्ये कुणी पडलं, पैसे मागितले, पाहुण्याच्या व्हिसावर आधी या म्हणालं, तर फोन ठेवून द्या. मी म्हणालो तरी ठेवा."

बस आली. खिडकीतून तिने मागे वळून बघितलं. तो हात खिशात घालून उभा होता, केस वाऱ्यावर. चांगला वाटतो, तिला वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला. ह्याला स्वतःचं नाव मध्ये का नको आहे?

तरी तिने अर्ज केला. वेबसाईट स्वतः शोधली, नंबर स्वतः काढला. आठवड्याभरात तिथल्या मेट्रनबाईंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली. परक्या भाषेत अडखळत, पण ती नीट बोलली. बाईंचं समाधान झालेलं दिसलं. शेवटी त्यांनी काही विचारायचंय का म्हटल्यावर तिने त्याचं नाव-आडनाव सांगून विचारलं, "हे साहेब तुमच्याच ऑफिसात असतात ना?"

मेट्रनबाईंनी शेजारी कुणाला तरी विचारलं. मग मान हलवली. या नावाचं आमच्या ऑफिसात कुणी नाही.

फोन बंद झाल्यावरही ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली. आपल्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण आधी रडू आलं, आणि त्यावरून तिला कळायचं ते कळलं.

तिने त्याला हॉस्पिटलच्या गच्चीवर बोलावलं. तिथे दोऱ्यांवर धुतलेल्या चादरी वाळत होत्या, फडफडत होत्या. तो हसत आला... तिचा चेहरा बघून थांबला.

"तिथे तुमच्या नावाचा कुणी साहेब नाही."

त्याने दोरीवरच्या एका चादरीची दुमडलेली कड सरळ केली. मग म्हणाला, "साहेब नाही. माणूस आहे. तिथे तळघरात धुलाईखाना आहे. सगळ्या हॉस्पिटलच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट... ते मी धुतो."

"आणि साहेब?"

"आईने एका लग्नात सांगितलं, मुलगा हॉस्पिटलात मोठ्या कामावर आहे. काम मोठं आहेच, त्या मशीनमध्ये माणूस उभा राहील. पुढच्याने त्याचा साहेब केला. मावशीपर्यंत पोचेपर्यंत मला केबिनही मिळाली होती. मी दुरुस्त केलं नाही."

"मला तरी सांगायचंत."

"पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे चोर समजून बघितलंत," तो चादरींकडे बघत म्हणाला. "चोरावरून एकदम धोब्यावर यायचं... मध्ये थोडे दिवस साहेब राहावंसं वाटलं. तुमच्यासमोर."

हे ऐकून तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिने तो धरला नाही.

"आणखी काय खोटं आहे?"

"आणखी काही नाही."

"खोटं बोलणारा माणूसही हेच म्हणतो," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

घरी तिने ताईला सगळं सांगितलं. धुलाईखाना, साहेब, बस थांबा... आणि न सांगितलेलंही ताईला ऐकू आलं असावं. ताईने दोरा दातांनी तोडला. "त्याला घरी बोलाव."

तो आला. ताईने बस म्हटलं नाही. तोही उभाच राहिला.

"तुझा पासपोर्ट तिथे कुणाकडे असतो?"

"माझ्याकडे." त्याने आतल्या खिशातून तो काढून तिच्या हातात दिला. ताईने तो उघडला नाही. नुसता तळहातावर धरला, वजन करावं तसा.

"तिथे राहतोस त्या खोलीला कडी कुठून आहे?"

आई गोंधळून बघत होती. त्याला मात्र प्रश्न कळला. त्याचा आवाज खाली आला. "आतून, ताई. बाहेरून कुणी लावू शकत नाही."

ताईने पासपोर्ट परत दिला. "पाय भरून येतील. बस," ती म्हणाली. मग बहिणीकडे वळली, "चहा ठेव. आणि कामाचा करार आला की सही करू नकोस. आधी मला दाखव. मग आपण सरकारी ऑफिसात जाऊ."

करार आला तेव्हा दोघी परदेशी नोकऱ्यांची तपासणी होते त्या ऑफिसात जाऊन बसल्या. टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा लावून कलम न कलम वाचलं. काम नर्सचंच होतं, व्हिसा कामाचाच होता, राहायची सोय लिहिलेली होती. बाईंनी हॉस्पिटलकडून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "हे सरळ आहे. करा सही."

बाहेर आल्यावर ताई फुटपाथवरच थांबली. "मला त्या वेळी ही बाई माहीत नव्हती गं," एवढंच म्हणाली. तिने ताईचा हात घट्ट धरला.

त्याची रजा संपत आली होती. ती त्याला एकच गोष्ट म्हणाली होती, "मावशींना तुम्ही स्वतः सांगायचं." त्याने सांगितलं. मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. सबंध दिवस त्या कुणाशी बोलल्या नाहीत. त्यांचं दुःख वेगळंच होतं. साहेबाची गोष्ट त्यांनी प्रत्येक खाटेवर पोचवली होती, आता ती परत कशी आणायची? शेवटी त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "निदान मशीन तरी तुझ्या ताब्यात आहे ना?"

"आहे मावशी. दोन."

"मग दोन सांगते," मावशी म्हणाल्या.

निघायच्या दिवशी तो फाटकापाशी तिची वाट बघत होता. ऊन तिरपं झालं होतं.

"मी तिथे आहे म्हणून येऊ नका," तो म्हणाला. "आणि... मी तिथे आहे म्हणून यायचं टाळूही नका."

तिला खूप काही बोलायचं होतं. ती म्हणाली, "नीट जा."

ती परदेशी पोचली तेव्हा तिथली हवा थंड व्हायला लागली होती. कोणत्या दिवशी येतेय ते तिने त्याला कळवलं नव्हतं. विमानतळावर हॉस्पिटलची गाडी होती, खोलीला आतून कडी होती आणि पासपोर्ट तिच्या पिशवीत होता. पहिली ड्यूटी संपल्यावर ती लिफ्टकडे न जाता जिन्याने खाली उतरत गेली.

तळघरात वाफ होती, साबणाचा उबदार वास होता. भिंतीएवढी यंत्रं घरघरत होती. त्यांच्यामध्ये तो, डोक्याला टोपी, हातात ओल्या चादरींची ढकलगाडी. कुणी बघतंय हे माहीत नसताना तो कसा दिसतो ते ती बघत राहिली. शेजारच्या म्हाताऱ्या कामगाराच्या हातातली जड गाठोडी तो न बोलता आपल्या गाडीवर घेत होता.

मग त्याने वर बघितलं. गाडी आपली आपण थोडी पुढे गेली.

"तपासायला आलात?" त्याने विचारलं.

"हो."

"मग?"

"धुलाईखाना आहे. मशीन मोठं आहे. तुम्ही साहेब नाही."

"आणखी काही?"

"एक राहिलंय." ती यंत्राच्या गोल काचेकडे बघत बोलली, त्याच्याकडे नाही. "तुम्ही मला आवडता, की मला नुसतं तसं वाटतंय... ते इतक्या लांबून कळत नव्हतं. म्हणून जवळून बघायला आले."

त्याने टोपी काढली. ती दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला. "आणि?"

आता तिने त्याच्याकडे बघितलं. नीट, पुरतं बघितलं.

"नुसतं वाटत नाहीये," ती म्हणाली.

शेजारचं यंत्र थांबलं. एकदम शांत झालं. त्याने ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. काहीतरी मोठं बोलावं असं त्याच्या मनात असावं... ते काही जमलं नाही.

"जेवलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

"चल," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.