कमान ते कडुनिंब

गल्लीत एक दगडी कमान होती, एक विहीर, विहिरीला लागून एक कडुनिंब आणि एकोणीस घरं. त्यांतल्या अकरांत हातमाग अजून चालत होते. कमान भोसल्यांच्या वेळची. कडुनिंब शामलाच्या पणजोबांनी उमरेडहून येऊन लावलेला.

कोवळ्या उन्हात कमानीपासून कडुनिंबापर्यंत सुताचा ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, बांधला होता. शामलाचे वडील रुपराव त्यावर खळीचा कुंचा फिरवत होते. तेवढ्यात रस्तारुंदीचा मोजणीदार केशव टेप घेऊन ताण्याखाली वाकला.

"ओ टेपवाले! खालून नका जाऊ, धागा तुटन नं!" शामला ओरडली.

"मग जाऊ कुठून?"

"वाळेपर्यंत बसा. इथे साहेबलोकही बसतात."

तो बसला. तिनं चहा दिला. दुसऱ्या सकाळी ताणा नव्हता, तरी तो विहिरीच्या कठड्यावर बसला.

"आज काहून बसले?"

"सवय लागली…" तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघायचं टाळत राहिला.

पण आठवड्याअखेरी तो हसलाच नाही. "विहिरीपाशी कडुनिंबापासून समोरच्या भिंतीपर्यंत पाच मीटर शहाण्णव सेंटीमीटर भरले. रस्त्याला नियमानं सहा मीटर हवे. कडुनिंब जाईल."

रुपरावांचा कुंचा थांबला. झाड गेलं, तर ताण्याचं दुसरं टोक बांधायचं कशाला? ते कुंचा ठेवून आत गेले.

केशव हळूच म्हणाला, "मी सहाच लिहितो. कोण बघते?"

"माझ्यासाठी?"

"तुमच्याचसाठी…"

तिचं काळीज हललं. पण ती पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी झालेली; खोटं मोजमाप तिला खपत नसे. "खोट्यावर उभं झाड मले नको. आणि खोटं लिहिणारा माणूस—"

"खरं बोलणारा चालेल?" त्यानं विचारलं. "मग ऐका. झाड राहो, न राहो… मी रुपरावजींकडे तुमच्यासाठी मागणी घालणार आहे."

चेहरा लपवायला शामलानं टेपचं टोक उचललं. कापडी टेप, वर्षानुवर्षं ओढून सैल पडलेली. ओढलेलं सूत लांबतं, हे तिनं घरीही पाहिलं होतं, प्रयोगशाळेतही. ती धावत घरात गेली, वडिलांचा लुगडी मोजायचा लोखंडी मीटर घेऊन आली आणि टेपशेजारी ठेवला. टेपचा एक मीटर करंगळीच्या जाडीइतका पुढे गेला.

"केशव," ती पहिल्यांदाच नुसत्या नावानं म्हणाली, "टेपच ताणली आहे, म्हणून माप कमी भरलं. पुन्हा मोज. पण खरं."

दोघं गुडघ्यांवर बसले. खडूची रेघ, मीटर, पुन्हा रेघ. मध्येच डोक्याला डोकं लागलं.

"हळू गा…"

"तूच तर जवळ आली."

समोरच्या भिंतीपाशी तिनं आकडा वाचला, त्यानं लिहिला. सहा मीटर, चार सेंटीमीटर.