लोसेसाठी रचलेलं गाणं

शनिवारी सकाळी एलेनोआ अंगणात डुकरांना खोबरं घालत होती, तेवढ्यात सिओसाइआ धापा टाकत फाटकातून आत आला. हा आमच्या प्रार्थनाघरातल्या गायकांचा म्होरक्या. एरवी मुंगी चावली तरी तालात ओरडायचा. आज त्याला सूरच सापडेना.

"चोरी झाली! माझं गाणं गेलं!"

एलेनोआ आमच्या बेटावरची एकमेव खाजगी गुप्तहेर. हरवलेली डुकरं आणि पळालेले नवरे, दोन्ही शोधून देते. तिचा स्वतःचा नवरा तोमासी चहाचा कप सोडून कुठे जात नाही, म्हणून त्याला शोधायची वेळ आली नाही.

"बस, श्वास घे आणि सांग," ती म्हणाली.

"सात महिने ऑस्ट्रेलियात टोमॅटो तोडून लोसे आज दुपारच्या विमानानं घरी येतेय. उद्या प्रार्थनेत बायकोसाठी नवं गाणं म्हणायचं होतं, शब्द जुन्याच प्रार्थनेचे, चाल माझी. रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर एक ओळ, एक फाइल. अशा सोळा. शेवटची गुरुवारी झोपायच्या आधी लिहिली. आज बघतो तर एकही नाही!"

"पाठ नाही?"

"एकेक ओळ दहादा बदलली, गं. पहिल्या दोन येतात, पुढे गाडी अडते."

"फायलींना नावं काय दिली होतीस?"

"नाव-बिव मी देत नाही. यंत्र सुचवतं त्याला हो म्हणतो."

"आणि ठेवल्या कुठे?"

"जिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही अशा फोल्डरात."

तोमासीनं कप खाली ठेवला. "प्रार्थनाघराच्या फळ्यावर का नाही लिहिलंस, बाबा?"

"खिडकीतून किलिफीला दिसावं म्हणून?" सिओसाइआ उसळला. किलिफी म्हणजे पलीकडच्या प्रार्थनाघराचा म्होरक्या.

तिघं निघाली. वाटेत प्रार्थनाघराचा फळा दिसला, गेल्या आठवड्याच्या गाण्यानं भरलेला. आमचं गाणं आकड्यांत लिहितात. तीन म्हणजे सा, तिथून चढत नऊ म्हणजे नी. तोमासी वाचता वाचता गुणगुणायलाच लागला.

किलिफी रस्त्यावरच भेटला.

"मी चोर? गुरुवारी दुपारी त्याच्या कॉम्प्युटरवर सभेचं पत्रक छापायला गेलो होतो, बस. त्याची गाणी चोरायला मला काय वेड लागलंय? माझ्या गायिका झोपतील ती ऐकून!"

"काका, शुक्रवारी कुठे होतात?"

"दुसऱ्या बेटावर, मयताला. रात्रीच्या बोटीनं परतलो."

सिओसाइआच्या घरी चटईवर फुसी आत्या पंखा हलवत बसली होती. आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय.

"माझी उलटतपासणी?" आत्यानं भुवई उंचावली.

"छे, आत्या! एवढंच विचारते, काल घरात काय चाललं होतं?"

"साफसफाई. सून येतेय, घर लख्ख नको? माकाला म्हटलं, तो डबडा कॉम्प्युटरही साफ कर, कासवासारखा चालतो."

माका हा सिओसाइआचा चुलतभाऊ. चाळिशीचा, ऑकलंडात जन्मलेला, हिशेबनीस. तो खुशीत पुढे आला.

"अकराशे चाळीस तात्पुरत्या फायली उडवल्या! कचरापेटीही रिकामी केली. आता बघा कसा पळतो. पण गाण्याला मी हात लावला नाही हं, शप्पथ. तिथं गाणं नव्हतंच, नुसती अक्षरांची नि आकड्यांची गिचमिड. काय काय उडवलं त्याची यादीसुद्धा आहे."

एलेनोआ यादीवर वाकली. बोट हळूहळू खाली सरकलं आणि थांबलं. मग ती खदखदून हसली.

"बसा सगळे. किलिफीकाका निर्दोष. ते गेले दुपारी, शेवटची ओळ लिहिली रात्री, आणि काल ते बेटावरच नव्हते."

"मग चोर कोण?" सिओसाइआ कावला.

"चोर नाहीच. कोणी ढुंकून बघत नाही ते फोल्डर कोणतं? तात्पुरत्या फायलींचं! शहाण्या, तू बायकोचं गाणं उकिरड्यात लपवलंस आणि माकानं उकिरडा उपसला."

माकाचा चेहरा पडला. "म्हणजे मीच... अरे देवा! परत येणार नाहीत त्या."

सिओसाइआनं डोकं धरलं. डोळे भरून आले त्याचे. "सात महिने ती फोनवर म्हणायची, मजेत आहे. रडत असायची, मला का कळत नव्हतं? तिला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं."

"रडू नकोस. फायली गेल्या, गाणं आहे," एलेनोआ म्हणाली. "तोमासी, ही नावं वाच. यंत्र स्वतःच्या फायलींना नावं देतं त्यांत अक्षरं असतात, शून्य, एक, दोन, सगळं असतं. पण या सोळा बघ."

तोमासीनं डोळे बारीक केले. "नुसते आकडे. तीनच्या खालचा एकही नाही, अक्षर एकही नाही."

"तू नाव न देता जपून ठेवलंस की यंत्र पहिली ओळच नाव म्हणून सुचवतं. आणि तुझ्या एकेका फाइलीत ओळी होत्या किती?"

"एकच!"

"म्हणजे नाव तेच गाणं. यादी तारखेप्रमाणे आहे, क्रमही लागला. ऑकलंडच्या माणसाला कचरा दिसला, त्याचा काय दोष? तो फळ्यासमोर वाढला नाही."

तोमासी तोवर तिसरी ओळ गायला लागला होता. चौथीला आत्यानं खालचा सूर धरला. सिओसाइआनं माकाला मिठी मारली, मग कान पिळला, मग पुन्हा मिठी मारली.

संध्याकाळी सगळ्यांनी सोळा ओळी घोटल्या.

रविवारी लोसे पहिल्या बाकावर बसली, उन्हानं रापलेली, हातांना टोमॅटोच्या देठांचे ओरखडे. पहिलं कडवं तिनं मान खाली घालून ऐकलं. दुसऱ्याला, चाल कानात बसल्यावर, ती उठून उभी राहिली आणि मोठ्यांदा गायला लागली.