शेवंती निवास, बी विंग

मुलुंड पश्चिमेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड असे चार डेपो, सहाशेच्या वर लिफ्ट, आणि या सगळ्याची खबर ठेवणारी एकच बाई, सुलक्षणा तावडे. सकाळी नऊला ती चारही डेपोंना फोन लावायची. काल कुठली लिफ्ट बंद पडली, कोण गेलं, किती वेळात चालू झाली, कुणाची सर्व्हिस झाली. अकराच्या ठोक्याला एक कागद नंदकुमार साहेबांच्या टेबलावर. ऑफिसात त्याला एमआयएस म्हणत, पण ते मोठं नाव राहू दे बाजूला, तो सुलक्षणाचा कागद होता. तो वाचल्याशिवाय साहेब चहाला हात लावत नाहीत, हे तिने दिंडोशीतल्या आपल्या अख्ख्या सोसायटीला ऐकवून झालं होतं. एकोणीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग श्रुतिका आली. मढच्या कोळ्यांची मुलगी, सव्वीस वर्षांची, रोज होडीने वर्सोव्याला उतरून येणारी. सहा महिन्यांत तिने मेकॅनिकांच्या मोबाइलमध्ये अॅप टाकून दिलं. आता काम करणाराच जागेवर नोंद करी, फोटो टाकी, आणि केबिनबाहेरच्या मोठ्या स्क्रीनवर ओळ उमटे. चार तासांत तक्रार मिटली नाही तर ओळ लाल. साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की पानंच्या पानं वाचायचे दिवस गेले, मला फक्त लाल काय आहे तेवढं दिसलं पाहिजे. आणि सगळ्यांसमोर श्रुतिकाला केशरी पट्ट्याचं घड्याळ भेट दिलं. सुलक्षणाला एकोणीस वर्षांत एक स्टीलचा डबा मिळाला होता. तोही दिवाळीचा, सगळ्यांना मिळालेला.

जळणं म्हणजे काय ते त्या दिवशी सुलक्षणाला विचारायचं. टाळ्या वाजवताना तिचा हात दुखला. आणि त्यात ती पोरगी वाईट असती तर एक वेळ बरं झालं असतं! ती आपली सुके बोंबील आणून देई, जेवलात का विचारी, मॅडम मॅडम करी. ती टाइप करायला लागली की केशरी पट्टा टेबलावर टकटक वाजे, आणि सुलक्षणाला वाटे, तो आपल्याच कपाळावर वाजतोय. मग एका शुक्रवारी साहेबांनी गोड बोलून सांगितलं, की एक तारखेपासून कागद बंद, आणि सुलक्षणाने गोवंडीच्या गोडाऊनला बसून सुट्या भागांचा साठा बघायचा. कागद गेला म्हणजे तिचं सगळंच गेलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी सुलक्षणाने कधी कुणाला सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा तिच्या यादीत एक लिफ्ट कमी भरली. अकराला पाच कमी, साहेब तेव्हा तापट, आणि हिची नोकरी कच्ची. त्या दिवशी तिच्या केसांत शेवंतीची वेणी होती. तिने लिहून टाकलं: शेवंती निवास, बी विंग, मुलुंड पूर्व. सर्व्हिस झाली. यादी जुळली. दुसऱ्या महिन्यात काढून टाकू म्हणाली आणि राहून गेलं. तेव्हापासून दर महिन्याला त्या नसलेल्या बिल्डिंगीच्या नसलेल्या लिफ्टची सर्व्हिस तिच्या कागदावर होत आली. श्रुतिकाने जुनी यादी जशीच्या तशी नव्या सिस्टीममध्ये ओतली, तेव्हा शेवंती निवासही त्यात गेलं.

मंगळवारी दोन वाजता कंपनीच्या मालकांबरोबर साहेबांची मीटिंग होती. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुलक्षणाने तक्रार भरली: शेवंती निवास, लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यामध्ये अडकली, आत बाई आहे. हिशोब सरळ होता. बिल्डिंग कुणाला सापडणार नाही, दोन वाजून दहा मिनिटांनी भिंतीवर लाल ओळ उमटेल, आणि मालकांसमोर बाईसाहेबांच्या अॅपची वाट लागेल. मग बघू कोण जातं गोवंडीला.

तक्रार मुलुंडच्या धाकूकडे गेली. हा जुना मेकॅनिक, सावंतवाडीकडचा, सुलक्षणाच्या फोनच्या जमान्यातला. पत्ता सापडत नाही असा त्याचा निरोप येईल म्हणून ती बसून राहिली.

दहा चाळीसला स्क्रीनवर आलं: पोचलो.

खाली फोटो होता. जुनी जाळीच्या दाराची लिफ्ट, दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली, आत काळोख. जाळीत एक वाळलेलं फूल अडकलं होतं. शेरा होता: आत बाई आहे. बोलते.

“मॅडम, जाळीची लिफ्ट अजून आहे आपल्याकडे?” श्रुतिकाने कौतुकाने विचारलं.

म्हातारा भलत्याच बिल्डिंगीत शिरला असणार, सुलक्षणाने स्वतःला समजावलं. मुलुंड पूर्वेला जुन्या इमारतींना काय तोटा. तरी राहवेना. जिन्यात जाऊन तिने धाकूला फोन लावला आणि तो नेमका कुठे आहे ते विचारलं. मिठागरांच्या बाजूला, तो म्हणाला, बिल्डिंगीवर नाव लिहिलंय, बी विंग. आवाज नेहमीचाच, पान खाल्लेला. मागे कुठेतरी बारीक टकटक चालली होती.

“आतल्या बाईक भायर काढ ना मग,” ती म्हणाली. त्याच्याशी बोलताना तिला माहेरची भाषा यायची.

“येवक नाय म्हणता गो. एकोणीस वर्सां झाली म्हणता, कोण इलाच नाय. आता माझ्या जाग्यार कोणतरी व्हया म्हणता.”

बाहेर येत नाही म्हणते, तिच्या जागेवर कुणीतरी हवं. सुलक्षणाने फोन ठेवला. धाकू चेष्टा करणारा माणूस नव्हता. आणि एकोणीस हा आकडा त्याला कुणी सांगितला?

तिथून पुढे साडेतीन तास तिने काहीच केलं नाही. श्रुतिकाने फायर ब्रिगेडला कळवलं. गाडी मिठागरांपर्यंत जाऊन परत आली, अशी बिल्डिंग तिथे नाही म्हणाले. श्रुतिकाने धाकूला दहा वेळा फोन केले, लागेनात. फक्त अॅपवर दर अर्ध्या तासाने तोच शेरा येत होता. आत बाई आहे. बोलते.

दोन वाजून दहा मिनिटांनी ओळ लाल झाली.

साहेब मीटिंगमधून बाहेर आले. चार तास बाई अडकली आहे आणि तुम्ही स्क्रीन बघत बसलात, असं ते श्रुतिकाला मालकांसमोर बोलले. सुलक्षणाला जे ऐकायचं होतं ते अगदी शब्दाला शब्द. बरं वाटलं. खोटं कशाला, फार बरं वाटलं.

पण ती पोरगी रडली नाही. तिने पर्स उचलली. धाकूने लोकेशन पाठवलंय, मी स्वतः जाते, म्हणाली. मालकांनी कौतुकाने मान हलवली. अशी माणसं पाहिजेत, ते साहेबांना म्हणाले.

दारात ती वळली.

“मॅडम, ही बिल्डिंग तुमच्या यादीतली. तुम्ही ओळखता ना? जाऊ ना मी?”

एक वाक्य पुरे होतं. अगं, नाहीच ती बिल्डिंग, मी लिहिली. एवढं म्हटलं असतं तर एकोणीस वर्षांचा कागद खोटा ठरला असता, आणि श्रुतिका इथेच राहिली असती. केशरी पट्टा दाराच्या कडीवर टकटक करत होता.

“जा,” सुलक्षणा म्हणाली. “जुनी बिल्डिंग आहे. सापडेल.”

चार वीसला ओळ हिरवी झाली. शेरा होता: बाई सुखरूप बाहेर काढली.

पाचला श्रुतिका परत आली. चेहरा तोच, ड्रेस तोच. केसांत शेवंतीची वेणी होती. मनगट मोकळं होतं. अंगाला लिफ्टच्या ग्रीसचा वास येत होता. साहेबांनी शाबासकी दिली, तेव्हा ती नुसती बघत राहिली. मग सुलक्षणाच्या शेजारी येऊन बसली.

“ते अॅप मला नाही कळत. कागद तुम्हीच काढा,” ती म्हणाली. आणि टेबलावरचा फोन जवळ ओढून, कुणी शिकवलेलं नसताना, तिने बोरिवली डेपोचा नंबर फिरवला.

आठवड्याभरात अॅप बंद पडलं. मोठा स्क्रीन काळाच राहिला. गोवंडीची बदली रद्द झाली. सुलक्षणाला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

एक तारखेला सकाळी ती सर्व्हिसची यादी लिहीत होती. मोबाइल थरथरला. बंद पडलेल्या अॅपवर एक ओळ आली होती. फोटोत तीच जाळी. जाळीतून बाहेर आलेली चार बोटं आणि मनगट. मनगटावर केशरी पट्टा.

खाली धाकूचा शेरा: आत बाई आहे. तुमचं नाव घेते.

सुलक्षणाने मान वर केली. शेजारच्या टेबलावरची ती तिच्याकडेच बघत होती. एक हात केसांतल्या वेणीवर होता.

अकराला पाच कमी होते. आत साहेबांचा चहा आलेला दिसत होता.

सुलक्षणाने पेन उचललं. शेवंती निवास, बी विंग, मुलुंड पूर्व. सर्व्हिस झाली.