चांदणीचा पायबंद

ऋतुजा, तो मोबाईल उलटा ठेव आधी. उजेड नको. आन् मधी कुणी खिदळलं तर हा केरबा आज्जा उठून जाईल, सांगून ठेवतो. ही ऐकीव न्हाई. जळकोटचा मल्लेश, वरातीला घोडी देणारा, त्यानं स्वतः मला सांगितलंय.

त्याची चांदणी नावाची पांढरी घोडी होती. कितीक नवरदेव तिनं मिरवले. डीजेनं माणसांची छाताडं हादरायची, पण ही शांत. तिच्याच जिवावर मल्लेशचं घर उभं राहिलं. मग ती म्हातारी झाली, लंगडायला लागली. मल्लेशनं तिला टेम्पोत घालून माळेगावच्या जत्रंत इकायला नेली. गिऱ्हाइकं दात बघायची आन् पुढं जायची.

परतीच्या दिवशी येळवस होती, शेतात पूजा करायची अमावस्या. सांज झालती, शिवारात लोकं गवताच्या मशाली, हेंडगे, पेटवून फिरवत होते. कंधारच्या पुढं माळावर मल्लेशनं टेम्पो थांबवला, चांदणीला उतरवलं. मोकळी सोडली तर ही मागोमाग घरी येणार, त्याला ठावं होतं. म्हणून पुढच्या दोन्ही पायांत दोरीचा पायबंद घातला, आपली दुहेरी गाठ मारली आन् निघाला. तिला वाटलं, चरायला सोडलंय. आरशात दिसली तवर ती टेम्पोकडंच बघत होती.

घरी बायको उमादेवी आंबिल घेऊन बसल्याली. "चांदणी कुठाय हो?"

"इकली."

ताट सारून तो आडवा झाला.

मध्यरात्र उलटली असंल. गल्लीत कुत्रं सुदिक भुंकंना. आन् लांबून...

टप्.

थांबलं. पुन्हा... टप्. दोन पाय एकदम टेकवून. पायबंद घातल्यालं जनावर तसंच येतंय.

दाराशी आलं. फटीतून ऊन श्वास... फुर्रर्र.

उमादेवी ताडकन उठून बसली. "अहो, ही तर चांदणी! इकली म्हणलाव ना? बांधून आलाव तिला?"

मल्लेश उठून दाराशी गेला.

"उघडा की! सोडा तिचे पाय!"

त्यानं कडीला हात लावला. भ्या वाटत होतं, पण त्याहून लाज लई. तिच्या डोळ्याला डोळा कसा द्यावा?

न्हाई उघडलं त्यानं.

पहाटंपर्यंत श्वास ऐकू येत होता. मग... काहीच न्हाई.

तांबडं फुटताच नवरा-बायको टेम्पो घेऊन माळावर गेले. चांदणी रस्त्याकडंला पडल्याली. अंग ताठ. तिथला गुराखी म्हणला, "काल अंधार पडतानाच गेली, बापा. गाडीनं उडवली. पाय बांधल्याले, पळावं कसं तिनं?"

मल्लेशनं वाकून बघितलं.

पाय मोकळे होते.

घरी येऊन तो गोठ्यात शिरला. रिकामा गोठा. आन् खुंटीला पायबंद टांगल्याला... दोरी कुठं तुटली न्हाई, कुठं कापली न्हाई. गाठ मारली होती तशीच.

मल्लेश रोज सांजच्याला ती गाठ सोडायला बसतो. त्याच्याच हातची गाठ.

सुटत न्हाई.