एकटीचा पहारा

"झोप आली तर काय करशील?" सॅमने विचारलं.

"उभ्याउभ्या झोपेन. घोडा नाही का झोपत?"

"आणि शिंक आली तर?"

"वीणा धरून शिंकेन. आता गप बस."

पंकजा नावेत चढली. गळ्यात वीणा असल्यामुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून तिच्या मैत्रिणीने, रेश्माने, पाण्याची बाटली आणि भाकरीची पुरचुंडी नावेत ठेवली. रेश्मा गेल्या काही दिवसांपासून एक शब्द बोलली नव्हती. नाव काठापासून सुटली तेव्हा तिने नुसता हात वर केला. त्यांच्या वर्गातला सॅम मात्र नाव लांब जाईपर्यंत ओरडून सूचना देतच होता.

आवळेवाडी राहुरीच्या पुढे, मुळा धरणाच्या फुगवट्याच्या काठाला वसलेली. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि गावामागची टेकडी तेवढी डोकं वर काढून राहिली. तिलाच सगळे बेट म्हणतात. बेटावर विठोबाचं एक बुटकं देऊळ, बाकी बाभळी आणि गवत. कार्तिकातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मंडपातल्या दोन वीणांपैकी एक बेटावर न्यायची आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत एकट्या माणसाने ती गळ्यात घेऊन टेकडीच्या माथ्यावर, देवळाभोवती फिरत पहारा द्यायचा, ही जुनी रीत. पण ती बरीच वर्षं बंद पडली होती. कुणाला शुगर, कुणाचे गुडघे, आणि दिवसभर एकटं राहायचं म्हटल्यावर बाकीच्यांना शेतातली कामं आठवायची.

यंदा कीर्तनात बन्सी महाराजांनी विचारलं, "बेटावरचा देव किती वर्षं एकटा ठेवायचा?" सगळा मंडप टाळांकडे बघू लागला, आणि तेरा वर्षांची पंकजा उभी राहिली. ती म्हणाली, मी जाते, पण माझी एक अट आहे. दिवसभर वीणा गळ्यातून उतरली नाही, तर प्रत्येक घराने गावच्या वसतिगृहाला धान्य द्यायचं.

ते वसतिगृह ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी होतं. आईबाप कारखान्यावर गेले की मुलं तिथे राहायची आणि शाळा शिकायची. यंदा धान्याची कोठी रिकामी होती. सप्ताह संपला की ते बंद करावं लागेल असं तिथले गुरुजी म्हणाले होते. आणि बंद झालं, तर रेश्माला आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून जावं लागणार होतं.

मंडपात हशा पिकला. पोर काय दिवसभर टिकते, असं वाटून सगळ्यांनी माना डोलावल्या. महाराज मात्र हसले नाहीत. त्यांनी नियम तेवढा समजावून सांगितला. सप्ताहाची वीणा गळ्यातून गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा एकमेकांना नमस्कार करतात, मगच ती हलते. ती जमिनीला टेकली, की पहारा मोडला. खुंटीला टांगली, तर सप्ताहच उठला.

कारभारीकाकांनी तिला बेटावर उतरवलं. "मी हितंच जाळं टाकून बसतो. हाक मार, आलोच समज," असं म्हणून ते नाव घेऊन थोडे मागे सरले.

पहिले काही फेरे मजेत गेले. पलीकडच्या काठावरून मंडपातल्या भजनाचा आवाज पाण्यावरून येत होता, त्या ठेक्यावर पंकजाचे पाय पडत होते. मग ऊन चढलं. वीणेचा पट्टा खांद्यात रुतायला लागला. ती या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची, तर दुसरा खांदा बोंब मारायचा. बाभळीचा काटा चपलेतून आत घुसला, पण खाली बसून तो काढायची सोय नव्हती. एका पायावर उभं राहून, देवळाच्या भिंतीला पाठ लावून तिने तो उपटला.

दुपारी काल्याचं कीर्तन संपलं आणि पलीकडे पंगती बसल्या. भजनाचा आवाज थांबला. तिने वळून पाहिलं तर कारभारीकाकांची नावही दिसेना. महाप्रसादाच्या वासाने जाळं गुंडाळून काका कधीच पसार झाले होते.

तेव्हा पंकजाला कळलं, एकटं असणं म्हणजे काय ते. भीती वाटत होती असं नाही. दिवसाढवळ्या कसली भीती? पण काहीही केलं तरी ते बघायला कुणी नव्हतं. ती हसली काय, रडली काय, पाण्याला त्याचं काहीच नव्हतं.

तिला रेश्माची आठवण झाली. वसतिगृहात यायच्या आधी रेश्मा उसाच्या फडावर असायची. आईबाप पहाटे तोडीला जायचे आणि ही दिवसभर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, बसून धाकट्या भावाला सांभाळायची. एकदा ती पंकजाला म्हणाली होती, "दिवसभर कुणी हाकच मारत न्हाई गं. मग मीच मला हाक मारायचे."

पंकजाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पंकजा." मग जरा मोठ्याने, "ए पंकजा!"

पलीकडच्या उतारावरून घंटेचा आवाज आला.

ती जागच्या जागी थबकली. देवळातली घंटा तर समोर होती आणि ती हलत नव्हती. आवाज पुन्हा आला, बारीक, फुटक्या काशाच्या भांड्यासारखा. पंकजाने विठोबाचं नाव घेतलं आणि ती आवाजाच्या दिशेने उतरू लागली.

खालच्या गवतात एक म्हैस उभी होती. काळीभोर, कपाळावर पांढरा चांद.

"चंद्री?" पंकजाचा विश्वास बसेना.

चंद्री म्हणजे शेजारच्या बनुबाईंची गाभण म्हैस. सप्ताहाच्या सुरुवातीलाच ती नाहीशी झाली होती. बनुबाईंचा मुलगा सुनील गावभर सांगत सुटला होता, की गोठ्यात बांधलेल्या म्हशीचं दावं कापून कुणीतरी तिला नेली. आणि कुणीतरी म्हणजे कोण? तर रेश्माचा बाप कानिफनाथ, कारण तो ऊसतोड्या, आणि आदल्या दिवशी त्या वाटेने गेला होता. पुरावा एवढाच. तेव्हापासून रेश्मा बोलायची बंद झाली होती.

पंकजाने जवळ जाऊन चंद्रीच्या गळ्यातलं दावं हातात घेतलं. लांबलचक होतं, चिखलाने माखलेलं, पण अख्खं. टोकाची गाठसुद्धा जशीच्या तशी. मग कापलं ते काय?

तेवढ्यात चंद्री काठाकडे बघून ओरडली. तिकडून अगदी बारीक आवाजात कुणीतरी उत्तर दिलं.

रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडलं होतं, त्यामुळे काठ उघडा पडून खाली गाळ राहिला होता. त्या गाळात एक रेडकू पोटापर्यंत रुतलं होतं. दोनतीन दिवसांचं असेल. बेटावरच जन्मलेलं. धडपडून थकलं होतं आणि मान टाकायला लागलं होतं.

पंकजाने एका हाताने वीणा छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने रेडकाचा कान, मग पाय, मग मान धरून ओढून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. उलट ती स्वतः गुडघ्यापर्यंत आत गेली आणि वीणेचा भोपळा गाळाला टेकता टेकता वाचला. ती कशीबशी मागे आली. "कारभारीकाका!" तिने घसा फोडून हाका मारल्या. पलीकडे पंगतीत वाढप्यांचा गलका चालला होता. तिची हाक अर्ध्या पाण्यातच बुडाली.

दोन्ही हात हवे होते. आणि दोन्ही हात वीणेला होते.

खाली ठेवावी? मग धान्य गेलं आणि रेश्मा ट्रकमध्ये बसली. बाभळीला टांगावी? म्हणजे सप्ताहच उठला. वर जाऊन तसंच पुढे चालू लागावं? दिवस मावळेपर्यंत रेडकू मेलेलं असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गळ्यातून गळ्यात, महाराज म्हणाले होते. पण या बेटावर दुसरा गळा आहेच कुणाचा?

चंद्री पुन्हा ओरडली.

पंकजाने तिच्याकडे पाहिलं. मग तिने वीणा कोपराने अंगाशी दाबून धरली, वाकली आणि चंद्रीच्या पुढच्या खुराला हात लावून तो कपाळाला लावला. चंद्री तिला लहानपणापासून ओळखत होती. तिने मान खाली घालून पंकजाचे केस हुंगले. त्याच क्षणी पंकजाने पट्ट्याची गाठ सोडून तो म्हशीच्या मानेभोवती घेतला आणि आखूड करून घट्ट बांधला.

"बसायचं नाही हं, चंद्रीबाई," ती म्हणाली, "पहारा आहे."

आणि ती गाळात शिरली. दोन्ही हातांनी रेडकाच्या पोटाखालचा चिखल उपसला, दाव्याचं मोकळं टोक त्याच्या छातीभोवती गुंडाळलं आणि चंद्रीला हाळी दिली. आईने मागे पाऊल टाकलं, पंकजाने खालून रेटलं. गाळाने एकदा मोठा आवाज केला आणि रेडकू सुटून गवतावर आडवं पडलं. चंद्री त्याला चाटायला वाकणार, इतक्यात पंकजा धावली. वीणा जमिनीपासून वीतभर वर असताना तिने ती झेलली, चंद्रीला पुन्हा नमस्कार केला आणि पट्टा आपल्या गळ्यात घातला.

मग ती बाकीचे फेरे चालत राहिली. अंगावरचा चिखल वाळून कडक झाला.

दिवस मावळताना नाव आली. तिच्यात बन्सी महाराज, ओशाळलेले कारभारीकाका, वल्ही मारायला घेतलेला सुनील, आणि सॅम अन् रेश्मा. सगळ्यांनी चिखलाची पंकजा पाहिली आणि तिच्यामागची म्हैस पाहिली. सुनीलच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं.

पंकजाला गप्प राहता आलं असतं. वीणा तिच्या गळ्यातच होती आणि तेव्हा बघायला कुणी नव्हतं. पण तिने सगळं सांगितलं, काही न गाळता.

सुनीलला जरा हुरूप आला. "मंग काय, ऱ्हायलं! वीणा म्हशीच्या गळ्यात म्हंजी पहारा मोडला. धान्य-बिन्य काय न्हाई आता."

सॅमने दावं उचललं. अगदी साळसूदपणे त्याने विचारलं, "सुनीलदादा, चोरांनी दावं कापलं होतं ना?"

"व्हय. कापूनच नेली."

"मग हे कापलेलं परत कुणी जोडलं? आणि चोरांनी म्हैस चोरून बेटावर आणून का सोडली? हवापालट म्हणून?"

कारभारीकाका खो खो हसले. सुनील आधी लाल झाला आणि मग त्याने हळूहळू कबूल केलं. म्हैस पाण्यावर आणली होती, हा मोबाईलवर मॅच बघत बसला, आणि वर बघतो तर म्हैस नाही. आई झोडपील म्हणून चोर उभा केला.

रेश्मा पुढे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "माझ्या बापाला चोर म्हनलात तुमी. सगळ्या गावासमोर. आता न्हाई म्हना. सगळ्या गावासमोर."

सुनीलने मान खाली घातली. "म्हनतो," तो पुटपुटला.

 महाराज पंकजासमोर उभे राहिले.

"वीणा देताना नमस्कार केलास?"

"केला. तिच्या खुराला."

"आणि तिने?"

पंकजाने आठवून पाहिलं. "तिने मान खाली घातली."

"मग पहारा मोडला कुठे? पहारा बदलला," महाराज म्हणाले.  "इथून नेवासं किती लांब आहे रे? तिथे बसून ज्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्या माऊलींनी रेड्याच्या मुखी वेद वदवले. आपण रेडकाच्या आईच्या गळ्यात घडीभर वीणा राहू देणार नाही होय? पोरी, मी जन्मभर कीर्तनातून दया सांगत आलो. आज बघायला मिळाली." आणि त्यांनी वाकून पंकजाला नमस्कार केला, वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि जाताजाता चंद्रीलाही हात जोडले.

रेडकू नावेत आणि चंद्री पोहत मागे, अशी वरात काठाला लागली. बनुबाईंनी आधी म्हशीच्या गळ्याला मिठी मारली आणि मग सुनीलच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, मोबाईलला दावं बांध आता. म्हस मी बघते." मग त्या स्वतः कानिफनाथच्या दारात गेल्या, आणि त्यांच्यामागे सुनील. तिथे सुनील काय म्हणाला ते सगळ्या गावाने ऐकलं. रात्रीच्या भजनात महाराजांनी पंकजाला पुढे बसवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरातून बाजरी आणि ज्वारी वसतिगृहात येऊ लागली. सगळ्यात मोठं पोतं बनुबाईंचं होतं. गुरुजींनी कोठी भरल्याचं सांगितलं.

आठवड्याने ट्रक लागला. कानिफनाथने भांडीकुंडी चढवली, आईने धाकट्याला कडेवर घेतलं. रेश्मा खाली उभी राहिली. तिच्या आईने वरून बऱ्याच गोष्टी सांगितल्या, केस विंचर, अंगावर घे, गुरुजींचं ऐक. मग ट्रक सुरू झाला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

धूळ खाली बसली तरी रेश्मा रस्त्याकडे बघत होती. पंकजा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"जेवायला चल," शेवटी ती म्हणाली.

"थांब जरा," रेश्मा म्हणाली.

मग दोघी थांबल्या.